पडवीतली खाट

आत्याच्या छातीवरची जखम मी सात महिने धुतली. स्तनाचा कर्करोग कातडी फोडून बाहेर आला होता. सकाळी कोमट मिठाच्या पाण्याने पट्टी भिजवायची, हलक्या हाताने सोडवायची, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून ती पूड भुरभुरवायची, वर नवीन गॉज. तरी वास राहायचाच, आणि पट्टी निघाली की रक्त झिरपायचं. दुखतंय असं आत्या कधी म्हणाली नाही. नातवंडं खोलीत येईनाशी झाली, तेव्हा मात्र म्हणाली, "पोरी, माझी खाट मागच्या पडवीत टाक."

डॉक्टरांनी "आता करण्यासारखं काही नाही" म्हणून घरी पाठवलं होतं. ते वाक्य मला आजही मान्य नाही. आजार हाताबाहेर गेला होता, जखम नव्हे.

आत्या गेली त्याच्या कितीतरी आधी, १९९१ मध्ये, फ्रान्सच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या लुई मीर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवरच्या विद्युत-केमोथेरपीचे पहिले निष्कर्ष मांडले होते. ब्लिओमायसिन हे जुनं औषध पेशीच्या आवरणातून सहजी आत जात नाही. म्हणून औषध टोचायचं, भूल द्यायची आणि गाठीला इलेक्ट्रोड लावून विजेचे आठ झटके द्यायचे. एकेक झटका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. आवरणाला क्षणभर छिद्रं पडतात, औषध आत शिरतं, छिद्रं बुजतात. गाठीतल्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात, रक्त थांबतं. २००६ मध्ये युरोपातल्या चार केंद्रांनी सांगितलं, उपचार केलेल्या ८५ टक्के गाठींनी दाद दिली. सुमारे ७४ टक्के पूर्ण विरघळल्या.

त्या गाठी लहान होत्या. आत्याच्या तळहाताएवढ्या जखमेला इतकं यश आलं नसतं, हे मी जाणते. आणि बाजारात "करंटने कॅन्सर बरा" म्हणून पट्टे विकणाऱ्यांशी या उपचाराचा काडीचा संबंध नाही.

ब्लिओमायसिन आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे. लागतं ते झटके देणारं यंत्र आणि शिकलेले हात. सरकारी कर्करोग रुग्णालयांनी आधी अशा उघड्या जखमांसाठी, तेही मोफत, हा उपचार द्यावा. पट्टीला रक्त लागलं नसतं, वास थोडा कमी झाला असता, तरी आत्याची खाट मी त्याच दिवशी माजघरात आणली असती.