विश्लेषण : जुन्या पद्मिनीला नवा कार्ब्युरेटर... दुरुस्ती की मोडतोड?

प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मधली होती. खासगी मालकांच्या पद्मिनी मात्र आजही चालतात. त्या चालत्या ठेवताना एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे जुना कार्ब्युरेटर दुरुस्त करावा की काढून नव्या पद्धतीचा बसवावा? ‘नवा टाका, गाडी पळायला लागेल’ हा सल्ला गॅरेजमध्ये सहज मिळतो. तो नेहमीच बरोबर नसतो आणि नेहमीच चूकही नसतो.

कार्ब्युरेटर नेमके काय करतो?

इंजिन चालण्यासाठी पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा असे आहे. इंजिन हवा ओढते, ती कार्ब्युरेटरमधल्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंचुरीतून जाते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाऊन त्याचा फवारा होतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत संगणक आणि ऑक्सिजन सेन्सर हे काम सतत तपासत असतात. कार्ब्युरेटरला असे डोळे नसतात. जेट आणि स्क्रू ज्या मापाचे बसवले, त्याच मापाने तो पेट्रोल देतो. म्हणून तो बदलणे म्हणजे फक्त एक सुटा भाग बदलणे नव्हे. इंजिनाचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

दोष खरेच कार्ब्युरेटरचा असतो का?

गाडी मिस मारते, आयडलिंगला थांबत नाही, पिकअप घेताना धक्के देते, या तक्रारींचा आळ पहिल्यांदा कार्ब्युरेटरवर येतो. प्रत्यक्षात त्यातल्या अनेक तक्रारींचे मूळ दुसरीकडे असते. झिजलेले पॉइंट, कमजोर कंडेन्सर, सरकलेले टायमिंग, घट्ट झालेले टॅपेट, मॅनिफोल्डच्या फाटक्या पॅकिंगमधून ओढली जाणारी हवा, टाकीतला गंज, थकलेला पेट्रोल पंप यांतले काहीही कारण असू शकते. यातला कोणताही दोष कायम ठेवून नवा कार्ब्युरेटर बसवला तर खर्च होतो आणि तक्रार तशीच राहते.

कार्ब्युरेटरचे स्वतःचे दोषही असतात. निडल व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होते. फ्लोटला छिद्र पडते. हे भाग रिपेअर किटमध्ये मिळतात. खरी अडचण होते ती थ्रॉटलच्या दांड्याची. वर्षानुवर्षे फिरून त्याची भोके मोठी होतात, तिथून हवा आत शिरते आणि आयडलिंग कितीही जमवले तरी टिकत नाही. यावर भोक मोठे करून नवे बुश बसवणे हा उपाय आहे. त्यासाठी चांगला खरादकाम करणारा लागतो. बॉडीच वाकली असेल, तडकली असेल किंवा सुटे भाग मिळतच नसतील, तर नव्या कार्ब्युरेटरचा विचार करणे रास्त आहे.

मोठा कार्ब्युरेटर म्हणजे जास्त ताकद?

सर्वात जास्त पैसा याच गैरसमजात वाया जातो. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरते. म्हणजे मिनिटाला ५००० फेऱ्यांवरही ते जास्तीत जास्त सुमारे २७०० लिटर हवा ओढेल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, त्यामुळे हा आकडा २२०० लिटरच्या आसपास राहतो.

आता जगभर लोकप्रिय असलेला वेबर ३२/३६ पाहा. त्याला दोन बॅरल असतात, एक ३२ आणि दुसरा ३६ मिलिमीटरचा. ब्रिटिश एमजीबीसारख्या १७९८ सीसीच्या गाडीवरचे दोन एसयू कार्ब्युरेटर काढून हा एकच वेबर बसवण्याची पद्धत जुनी आहे. पद्मिनीच्या इंजिनाची भूक त्याच्या मानाने फार कमी आहे. गळा गरजेपेक्षा मोठा झाला की हवेचा वेग पडतो, पेट्रोलचा फवारा नीट होत नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते. मोकळ्या रस्त्यावर, भरधाव वेगात थोडा फायदा मिळेलही, पण जुनी गाडी बहुतेक वेळ शहरातच चालते. त्यामुळे ताकद वाढवण्यासाठी कार्ब्युरेटर बदलू नये. बदलायचाच असेल तर मूळ मापाच्या जवळचा निवडावा.

बसवताना काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे फ्लँज. नव्या कार्ब्युरेटरची भोके मॅनिफोल्डच्या स्टडशी जुळत नसतील, तर मधे अडॅप्टर प्लेट टाकावी. मॅनिफोल्ड कापू नये. इंजिनाची उष्णता थेट वर जाऊ नये म्हणून उष्णतारोधक स्पेसर हवा, नाहीतर उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोल उकळते आणि गाडी बंद पडते.

दुसरी, पेट्रोलचा दाब. कार्ब्युरेटरला साधारण ३ पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप त्याच्या दहापट आणि अधिक दाब देतो. तो बसवला तर निडल व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडते. ही चूक आग लावू शकते.

तिसरी, ॲक्सिलरेटरची जोडणी. थ्रॉटल पूर्ण उघडतो का, यापेक्षा तो पाय काढल्यावर पूर्ण बंद होतो का, हे आधी तपासावे. रिटर्न स्प्रिंग वेगळी आणि भक्कम हवी. चौथी, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी. ती चुकीच्या तोंडाला लावली तर टायमिंग बिघडते आणि दोष पुन्हा कार्ब्युरेटरवर जातो.

इथेनॉलमुळे काय बदलते?

आज पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, त्याचे प्रमाण १ भागाला ९ भाग हवा असे आहे. त्यामुळे ई-२० साठी हे गुणोत्तर १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. म्हणजेच तेवढ्याच हवेत साधारण ८ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. इंजेक्शनची गाडी हा फरक बऱ्याच अंशी स्वतः भरून काढते. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, चढावर दम लागतो.

उपाय अवघड नाही. जेटचा नंबर छिद्राचे माप सांगतो. १३० नंबर म्हणजे १.३० मिलिमीटर. ८ टक्के जास्त इंधनासाठी ढोबळमानाने १३५ नंबरचा जेट लागेल. अंतिम निर्णय मात्र स्पार्क प्लगचा रंग आणि गॅस ॲनालायझर पाहूनच घ्यावा. शिवाय इथेनॉल जुने रबर फुगवते, कॉर्कचे पॅकिंग खराब करते आणि पाणी शोषून घेऊन जस्ताच्या मिश्रधातूला गंजवते. नव्या कार्ब्युरेटरच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा इथेच आहे, पण त्याचे डायफ्राम आणि पॅकिंग इथेनॉलला टिकणारे असतील तरच. स्वस्त नकली मालात याची खात्री नसते.

नियम काय सांगतात?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. नोंदणीला ५० वर्षे झालेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन यात बसते. पद्मिनी हे नाव १९७०च्या दशकातले, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता या वयाला पोहोचत आहेत. कार्ब्युरेटर बदलणे हा इंजिनातला मोठा फेरफार ठरतो का? नियमाच्या व्याख्येत कार्ब्युरेटरचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे निर्णय तपासणी करणाऱ्यांच्या समजुतीवर राहतो. बोल्ट खोलून पूर्ववत करता येणारा बदल आणि कापून-जोडून केलेला बदल यांत सरकारने स्पष्ट फरक करायला हवा. नाहीतर गाडी सुरक्षित आणि कमी धूर सोडणारी ठेवणाऱ्या मालकालाच दंड बसेल आणि गळका मूळ भाग तसाच ठेवणारा पात्र ठरेल.

मग बदलावा की नाही?

आधी पॉइंट, टायमिंग, टॅपेट आणि पॅकिंग तपासावे. मग जुना कार्ब्युरेटर खोलून स्वच्छ करावा, किट टाकावे, दांड्याला बुश करून पाहावे. एवढे करूनही तो साथ देत नसेल तर मूळ मापाचा नवा बसवावा, आजच्या पेट्रोलप्रमाणे त्याचे जेट जुळवावेत आणि पीयूसीच्या यंत्रावर आयडलिंगचा कार्बन मोनॉक्साइड पाहावा.

जुना कार्ब्युरेटर मात्र कधीही भंगारात देऊ नये. तो तेल लावून, पिशवीत बांधून, गाडीच्या कागदपत्रांसोबत जपावा. चोर बाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत पुढे तो मिळेलच याची खात्री नाही. आजच्या मालकाने गाडी चालती ठेवण्यासाठी बदल जरूर करावा. उद्याच्या मालकाला ती पुन्हा मूळ रूपात आणता येईल, एवढी वाट मात्र मोकळी ठेवावी.