२५ बाळं, एक खोली: डहाणू-तलासरीतलं पाळणाघर कसं असावं?

जुळं होणार असं कळलं की शहरातल्या घरात पहिली चर्चा खोलीची सुरू होते. दोन पाळणे शेजारी ठेवायचे की समोरासमोर? भिंतीला पिवळा रंग द्यायचा की हिरवा? इंटरनेटवर अशा खोल्यांचे हजारो फोटो सापडतात.

आता तीच खोली डोळ्यांसमोर आणा, पण बाळं दोन नाहीत, पंचवीस आहेत. सगळ्यात लहान सहा महिन्यांचं, सगळ्यात मोठं सहा वर्षांचं. सांभाळायला दोन बायका. आणि खोली आहे डहाणू किंवा तलासरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर.

हे आकडे मनाचे नाहीत. केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती'मध्ये 'पाळणा' नावाची योजना आहे. तिच्यात एका केंद्रात जास्तीत जास्त २५ मुलं, एक सेविका आणि एक मदतनीस असं माप ठरलेलं आहे. केंद्र रोज साडेसात तास आणि महिन्यातले २६ दिवस उघडं ठेवायचं. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. देशभरात अशी १७ हजार पाळणाघरं अंगणवाड्यांना जोडून सुरू करायचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राने पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रांचा निर्णय घेतला आहे.

अशी खोली उभी करताना काय पाहायचं, हा प्रश्न पालघर जिल्ह्याच्या या उत्तर टोकाला जरा वेगळाच आहे. त्याचं अर्धं उत्तर इथेच, डहाणू तालुक्यातल्या एका टेकडीवर, सुमारे सत्तर वर्षांपूर्वी शोधलं गेलं होतं.

अंगणवाडी आहे, मग पाळणाघर कशाला?

हा प्रश्न गावातही विचारला जातो, आणि तो रास्त आहे. अंगणवाडीत येऊन बसतात ती मुख्यतः तीन ते सहा वर्षांची मुलं, आणि तीही दिवसातले काही तास. तीन वर्षांखालच्या बाळाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, लसीकरण होतं, वजन घेतलं जातं. पण दिवसभर ते बाळ असतं घरी.

घरी कोण असतं? पावसाळ्यात आई भातलावणीला जाते. एरवी डहाणूच्या चिकूच्या वाड्यांवर, नाहीतर तलासरीहून सीमा ओलांडून उंबरगाव-वापीकडच्या कारखान्यांत. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. मागे राहते आजी, ती नसेल तर थोरली बहीण. आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर धाकट्याला घेऊन फिरताना दिसली की आपल्याला ते गोड वाटतं. पण ती त्या वेळी शाळेत नसते, आणि कडेवरच्या बाळाला वेळेवर खाऊही मिळत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला दुधाबरोबर मऊ वरचं अन्न दिवसातून अनेकदा, थोडं थोडं लागतं. आई सकाळी गेली आणि संध्याकाळी आली, तर मधली खाणी बुडतात. आहाराचं पाकीट घरात असूनही बाळाचं वजन वाढत नाही, त्याचं एक कारण इतकं साधं आहे: भरवायला कुणी नाही.

कोसबाडला काय सापडलं होतं?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याआधी ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं होतं आणि माँटेसरी पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती. पण बोर्डीला बालवाडी उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गावातली सगळी मुलं काही तिथे येत नाहीत. दलित वस्तीतली मुलं तर येतच नव्हती. मग मुलं येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असं ठरलं. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. आज तमिळनाडूपासून हिमाचलपर्यंत तो वापरला जातो आणि त्याचा पत्ता बोर्डीचा आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं.

१९५७च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या जवळ गेलं. तिथे अडचण निराळी होती. शाळेच्या वयाची मुलं रानात गुरं राखत, नाहीतर घरी धाकटी भावंडं सांभाळत. गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर नेली, ती 'कुरणशाळा'. आणि भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी शाळेलाच पाळणाघर जोडलं. ताईने बाळाला बरोबर आणायचं, पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. या रचनेला त्यांनी 'विकासवाडी' म्हटलं.

यातली मेख लक्षात घ्या. त्यांनी आधी खोली बांधून मग बाळं शोधली नाहीत. बाळ आत्ता कुणाच्या कडेवर आहे, हे आधी पाहिलं आणि त्या कडेच्या वाटेवर खोली ठेवली. सध्याच्या योजनेतही पाळणाघर अंगणवाडीला जोडायचं आहे, म्हणजे दिशा तीच. फक्त अंगणवाडी पाड्यापासून दोन ओहोळ पलीकडे असेल तर कागदावरची जोडणी आईच्या काही कामाची नाही.

खोलीत आधी काय?

जमीन. पंचवीस मुलांच्या खोलीत फर्निचर कमी आणि जमीन जास्त लागते. रांगणाऱ्या बाळाचं सगळं जग तिथेच असतं. गार, ओल धरणारी लादी असेल तर तिच्यावर जाड चटई हवी, आणि ती रोज धुता-वाळवता आली पाहिजे. चकचकीत फरशी फोटोत छान दिसते. पावसाळ्यात ओल्या पायांनी आत आलेली पाच वर्षांची मुलं तिच्यावर घसरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वयाची विभागणी. कोसबाडला महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं, मातीच्या वस्तू वापरल्या गेल्या, आणि त्या पद्धतीचं आजही कौतुक होतं. पण चिंचोके हे चार वर्षांच्या मुलासाठी मोजायचं साधन असलं तरी आठ महिन्यांच्या बाळासाठी ते घशात अडकणारी वस्तू आहे. सहा महिने ते सहा वर्षं हे सगळं एकाच खोलीत असेल, तर मधे बांबूचा बुटका कठडा घालावाच लागतो. सेविकेला पलीकडचं दिसेल इतका बुटका आणि रांगणारं बाळ ओलांडणार नाही इतका उंच.

झोपायचं काय? या भागात बाळ झोपतं झोळीत. लुगडं नाहीतर धोतर आढ्याला बांधलं की झाली झोळी. बाळाला तिची सवय असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात तिच्याशिवाय कुणी झोपणारही नाही. पण एका आढ्याला आठ झोळ्या बांधल्या तर दोन बायकांना आठांवर लक्ष ठेवता येत नाही, आणि झोळीत मान छातीवर वाकलेल्या तान्ह्याचा श्वास अडखळू शकतो. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला सगळीकडे एकच असतो: तान्ह्याला सपाट, घट्ट अंथरुणावर, पाठीवर झोपवा. व्यवहारी वाट अशी की रडणाऱ्याला शांत करायला एक-दोन झोळ्या, अगदी जमिनीलगत आणि खाली चटई. झोप लागली की बाळ खाली अंथरुणावर. प्रत्येकाचं दुपटं वेगळं. एकाच गोधडीवर चौघं झोपली की खरूज आणि सर्दी चौघांनाही.

आणि दुपटी वाळत कुठे घालणार? हसू नका. चार महिने धो धो पाऊस पडतो अशा भागात दिवसाला पन्नास-साठ ओली लंगोटं वाळवायला पडवी नसेल, तर पाळणाघर जुलैतच बंद पडतं. आराखड्यात ही पडवी बहुधा नसते. पत्र्याचं छप्पर असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आत थांबवत नाही. पत्र्याखाली बांबूची तट्टी किंवा वर पेंढ्याचा थर दिला तरी बराच फरक पडतो.

धरणी हलते तेव्हा

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४हून जास्त तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळताना दगडावर पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. लोक कित्येक रात्री थंडीत उघड्यावर झोपले, तंबू उभारले गेले, मुलांचे वर्ग बाहेर भरले. पुढेही धक्के अधूनमधून बसत राहिले.

त्या मुलीच्या अंगावर भिंत पडली नव्हती. म्हणून खोलीचा विचार दारापासून करावा लागतो. दोन बायका आणि पंचवीस मुलं. त्यातली दहा चालणारी नाहीत असं धरलं, तर ती एका फेरीत बाहेर नेता येणार नाहीत. म्हणजे न चालणारी बाळं दाराच्या सर्वांत जवळ हवीत, आतल्या 'शांत' कोपऱ्यात नव्हे. दार बाहेर उघडणारं, उंबरठा नसलेलं, आणि पुढचं अंगण दगडगोटे काढून सपाट केलेलं. कपाट भिंतीला पक्कं ठोकलेलं. अंथरुणांच्या वर काहीही जड नको: फळी नाही, घड्याळ नाही, काचेच्या चौकटीतले थोरांचे फोटोही नाहीत. छताला टांगलेलं ते फिरतं झुंबर तर इथे नकोच.

गंमत अशी की कारवीच्या कुडाला शेणामातीने लिंपलेलं जुनं वारली घर 'कच्चं' म्हणून कमी लेखलं जातं, पण हलक्या कुडाची भिंत धक्क्यात डुलते आणि पडली तरी सहसा जीव घेत नाही. धोका असतो तो वर रचलेल्या कौलांचा, आणि त्याहून जास्त सळ्या व पट्टे न घालता बांधलेल्या विटांच्या 'पक्क्या' भिंतीचा. पाळणाघरासाठी नवी खोली बांधायची तर भिंतींना जोते, दार-खिडक्यांचा माथा आणि छप्पर या पातळ्यांवर काँक्रीटचे पट्टे हवेत. रंगाचा खर्च त्यानंतर.

भिंतीवर काय काढायचं?

सरकारी बालकेंद्रांच्या भिंतींवर बहुधा दोन गोष्टी दिसतात: कार्टूनमधले प्राणी आणि 'वारली चित्रं'. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या पांढऱ्या आकृत्या बाळांसाठी खरंच चांगल्या आहेत. तान्ह्याची नजर आधी ठळक फरकावर ठरते, आणि गडद तांबड्यावर पांढरं याहून ठळक काय असणार? पण ठेकेदाराचा माणूस ही चित्रं मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर काढतो. रांगणाऱ्याची भिंत जमिनीपासून हातभर असते, आणि तिथे नेमका तेलरंगाचा चॉकलेटी पट्टा असतो.

लग्नाच्या वेळी सवाशिणी पालघाट देवीचा चौक काढतात, तो मात्र विधीचा भाग आहे. तो शोभेसाठी उचलून पाळणाघरात लावू नये, असं मला वाटतं. झाडं, कोंबड्या, तारपा नाच, भाताची झोडणी एवढं पुष्कळ आहे. आणि ते पाड्यावरच्या बायकांनीच काढावं. मुलं बोलतात ती वारली बोली. खोलीतली सेविका तीच बोलणारी असेल, तर सजावट थोडी कमी पडली तरी चालतं.

विकतचा रंग वापरायचाच असेल तर डब्यावरचं लेबल वाचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९०हून जास्त नको, असा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. बाळं भिंत चाटतात, आणि शिसं मेंदूला कायमची इजा करतं.

मग अडचण कशाची?

पैशाची, आणि तीही खोलीच्या नव्हे. योजनेत पाळणा सेविकेला महिना ५,५०० रुपये आणि मदतनिसाला ३,००० रुपये मानधन आहे. साडेसात तास गुणिले २६ दिवस म्हणजे महिन्याला १९५ तास. भागाकार केला तर सेविकेला तासाला साधारण २८ रुपये, मदतनिसाला १५. पंचवीस बाळांचं हगणं-मुतणं, भरवणं, झोपवणं आणि धक्का बसला तर उचलून बाहेर पळणं, हे सगळं त्यात. अशा पगारावर माणूस टिकत नाही, आणि सहा महिन्यांच्या बाळासाठी रोजचा ओळखीचा चेहरा हाच तर खोलीचा मुख्य भाग. छत्तीसगडमध्ये 'फुलवारी' केंद्रांत आयांनीच आळीपाळीने मुलं सांभाळायची पद्धत चालवली. त्यात चेहरे ओळखीचे राहतात, पण पाळीच्या दिवशी आईची मजुरी बुडते.

वेळेचंही बघा. कारखान्यात जाणारी आई पहाटे निघते आणि अंधार पडताना परत येते. साडेसात तासांच्या केंद्राची दोन्ही टोकं उघडीच राहतात, आणि तिथे पुन्हा थोरल्या बहिणीची कड लागते.

वीटभट्टीचं काय, याला तर अजून नीट उत्तर नाही. २०१७च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. भट्टीवरची कुटुंबं मुकादमाकडून जोडीने उचल घेऊन येतात. हजेरीपटावर ५० नावं क्वचितच असतात. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामाच्या जागेवरच तंबूत पाळणाघर सुरू केलं होतं, तेच पुढे 'मोबाइल क्रेशेस' झालं. भट्टीवर तसं करायला एक ताडपत्री, पाण्याचं पिंप आणि पगार मिळणारी एक बाई पुरते. नाहीतर दिवाळी झाली की पाड्यावरची ती रंगवलेली खोली अर्धी रिकामी होते, आणि बाळ पुढचे सहा महिने विटांच्या राशींमध्ये, आईच्या नजरेच्या टप्प्यात, उन्हात बसतं.