सागरी शिपायाची उपेक्षा

१९९३ च्या प्रारंभी रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरविली गेली आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा हल्लेखोर रबरी होडीतून मुंबईत कफ परेडनजीकच्या मच्छीमार वस्तीस लागले. त्यांना प्रथम हटकले ते तेथल्या कोळ्यांनी, पोलिसांनी नव्हे! त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, वेगवान गस्तीनौका आल्या, २०१८ साली गुजरातेत ओखा येथे किनारी पोलिसांसाठी राष्ट्रीय प्रशिक्षणसंस्थाही निघाली. परंतु नौका चालवावयाची ती माणसाने, आणि त्या माणसाचा विचार सरकारने अद्याप पुरतेपणी केलेला नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

तटरक्षक दलात नाविक म्हणून दाखल झालेला तरुण सेवेत असेतो त्याच दलाचा राहतो. सागरी ठाण्यातील शिपाई मात्र बहुधा जिल्ह्याच्या सर्वसाधारण भरतीतून येतो. धावण्यात आणि गोळाफेकीत त्याने गुण मिळविलेले असतात. पोहता येते काय, हे त्याला कोणी विचारलेले नसते. उधाण कधी, भांग कधी, खाडीच्या मुखाशी वाळू कोठे सरकली, समोरची होडी कोणत्या बंदराची आणि ती अवेळी येथे का, हे सारे अंगवळणी पडावयास वर्षे जावी लागतात. ती भरतात न भरतात तोच बदलीचा हुकूम येतो आणि गडी पुन्हा जमिनीवरच्या बंदोबस्तास लागतो! मोठी जहाजे जेथे शिरू शकत नाहीत, त्या उथळ पाण्यातील पहारा याच शिपायावर सोपविलेला आहे.

दोष एकट्या सरकारचा नव्हे. शिक्षकी पेशात असताना आम्हीही कोकणातील खाड्यांची नावे मुलांकडून घोकून घेतली. त्यांपैकी एखाद्यास त्या खाडीवर सेवा करावीशी वाटेल, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. "पोलीस, आणि तोही समुद्रावरचा?" म्हणून पांढरपेशा घरांत आजही नाके मुरडली जातात. शिवकालीन आरमाराचा अभिमान मिरविणाऱ्यांनी त्या आरमारावर कोळी नि भंडारी होते, याचे स्मरण ठेवावे.

सागरी पोलिसांचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करावा, भरतीस पोहणे सक्तीचे असावे आणि शिपायापासून निरीक्षकापर्यंतची बढती समुद्रावरील कामगिरीवरच मिळावी, अशी आमची मागणी आहे. उमेदवार मिळणार नाहीत, ही सबब गृहखात्याने पुढे करू नये. कोळीवाड्यांत एकवार जाहिरात तर लावून पाहावी!