ह्यु-एन-त्संगचे ऋण आणि पदवीचे चौथे वर्ष

सातव्या शतकात ह्यु-एन-त्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रात आला. येथील माणसे ताठ मानेची, उपकार स्मरणारी आणि अपमान न विसरणारी आहेत. सूड घेण्यापूर्वीही ती शत्रूला सूचना देतात, असे त्याने नोंदवून ठेवले. हर्षाला न जुमानणाऱ्या पुलकेशीचाही त्याने उल्लेख केला. हे वर्णन आपल्या व्याख्यानांतून अभिमानाने सांगितले जाते. परंतु मूळ चिनी भाषेत ते किती मराठी माणसांनी वाचले असेल? स्तानिस्लास ज्युलियाँ यांचे फ्रेंच भाषांतर १८५७-५८ मध्ये आणि सॅम्युएल बील यांचे इंग्रजी भाषांतर १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच वाटेने ते आपल्यापर्यंत पोहोचले. आपल्याच पूर्वजांचे शब्दचित्र पाहण्यासाठी युरोपचा वळसा घ्यावा लागला!

हे अटळ होते असे नाही. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. पु. वि. बापट यांनी पालीबरोबर चिनी भाषाही आत्मसात केली. 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाचे मूळ हरवले. सहाव्या शतकातील चिनी अनुवादात तो टिकला. तो अनुवाद बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहणारा बापटांचा ग्रंथ १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या प्रयत्नांतून चीना भवन उभे राहिले. पुढे हा प्रवाह क्षीण झाला.

आता तो पुन्हा वाहता करण्याची संधी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला त्यानुसार चौथ्या वर्षी संशोधन करता येते. या वर्षासाठी पूर्व आशियाचे साहित्य, कला आणि समाज यांच्याइतके सुपीक क्षेत्र क्वचितच सापडेल. मात्र तेथे जाऊन केवळ भारतीय संस्कृतीचे ठसे मोजत बसणे म्हणजे संशोधन नव्हे. जपानची बेन्झाइतेन ही आपली सरस्वती, एवढे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. हाती वीणेऐवजी बिवा घेतलेली ही विद्येची देवता धनदात्री कशी झाली, सात भाग्यदेवतांमध्ये कशी जाऊन बसली, उगाजिन या सर्पदेवतेशी तिचे नाते कसे जुळले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जपानी समाजाच्या इतिहासात आहे. तोच न्याय चीनमधील छ्वानचौ बंदराला. तेथील १२८१ सालचा तमिळ-चिनी शिलालेख शिवमंदिराची साक्ष देतो. परक्या बंदरात मंदिर उभारणारे व्यापारी आणि त्यांना जागा देणारी राजसत्ता यांचे संबंध कसे होते, हे तमिळ आणि चिनी साधने एकत्र वाचल्याशिवाय नीट उमगणार नाही.

आजचा समाजही तितकाच अभ्यसनीय आहे. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ इतका खाली आला. समृद्धी आली, पण पाळणे रिकामे राहिले. तेथील कादंबऱ्या आणि चित्रपट यामागची कारणे आकडेवारीपेक्षा अधिक बोलकेपणाने सांगतात. कुटुंबव्यवस्थेविषयी आस्था असणाऱ्यांनी ते दुर्लक्षून चालणार नाही.

येथे एक विसंगती सांगितलीच पाहिजे. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनीचे नाव होते. जुलै २०२० च्या अंतिम धोरणात ते राहिले नाही. गलवानच्या संघर्षाला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. संताप समजण्याजोगा आहे. परंतु ज्याच्याशी सीमेवर सामना आहे, त्याची भाषा न शिकणे ही देशभक्ती नव्हे, ते दौर्बल्य आहे. प्रतिस्पर्ध्याचे मन त्याच्या भाषेतूनच वाचता येते.

भाषा एका वर्षात येत नाही, हा आक्षेप योग्यच आहे. म्हणूनच तिचा प्रारंभ पहिल्या सत्रापासून व्हावा. चौथ्या वर्षी विद्यार्थ्याने ग्रंथ लिहावा अशी अपेक्षा कोणी धरू नये. ह्यु-एन-त्संगच्या अकराव्या खंडातील महाराष्ट्राविषयीची पाने त्याने शब्दकोश आणि शिक्षक यांच्या साहाय्याने वाचावीत, दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत आणि ती कोठे वेगळी होतात ते दाखवावे. एवढे जरी झाले तरी ते अस्सल संशोधन ठरेल. 'हे शिकून नोकरी कोणती?' असे घरोघरी विचारले जाईल. दुभाषे, अनुवादक आणि परराष्ट्र व्यवहाराचे अभ्यासक यांची देशाला निकड आहे, हे त्याचे उत्तर.

ह्यु-एन-त्संग नालंदेत राहून संस्कृत शिकला आणि ६५७ ग्रंथ घेऊन इ. स. ६४५ मध्ये मायदेशी परतला. आपली भाषा शिकण्यासाठी त्याने वाळवंटे आणि हिमशिखरे ओलांडली. उपकार स्मरणारी माणसे, असे त्याने आपले वर्णन केले आहे. त्याची भाषा शिकून ते खरे करण्याची जबाबदारी आता मराठी तरुणांवर आहे.