शेवटच्या कडव्यातलं नाव

सूर आणि शहर : नागपूरकर

मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या पोराचा फोन आला. स्वतः लिहितो, स्वतःच चाल लावतो आणि गिटार घेऊन स्वतःच गातो. शहरातल्या एका कॅफेनं त्याला शनिवारी गायला बोलावलं होतं. अट अशी की दीड तासात स्वतःची गाणी दोनच, बाकी सगळी लोकांच्या तोंडात बसलेली. मानधन एक कॉफी, एक सँडविच आणि वर मालकाचं आश्वासन, ‘तुझं नाव होईल.’

“दादा, नाव तं माह्या बापानं ठेवलंच हाये,” तो म्हणाला. “मले गाणं आयकवाचं होतं.”

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. नाव आणि गाणं यांची अशी फारकत आपल्याकडे कधीपासून झाली?

अशा पोरांना हल्ली ‘इंडी आर्टिस्ट’ म्हणतात, आणि ही जमात इंटरनेटबरोबर जन्माला आली अशा थाटात तिच्यावर लिहिलं जातं. विदर्भातल्या माणसानं तरी असं लिहू नये. ज्यांचं नाव आपल्या नागपूरच्या विद्यापीठाला आहे ते कोण होते? तुकडोजी महाराज. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे. संत म्हणून आपण त्यांना इतकं उंच नेऊन बसवलं, की गीतकार-गायक म्हणून त्यांच्याकडे पाहायचंच राहून गेलं. पदं त्यांची, गळा त्यांचा आणि साथीला हातातली खंजिरी. हे वाद्य जवळून पाहिलंय का? छोटंसं लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कड्याच्या खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, मग भजनाआधी ते विस्तवावर धरून शेकायचं आणि बोटानं टिचकी मारून पाहायचं. एवढ्या सामग्रीवर हा माणूस गावोगाव फिरला. मराठीत लिहिलं, हिंदीतही लिहिलं. 1942 च्या आंदोलनात इंग्रजांनी अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरीवर भजनं म्हणणाऱ्याला सरकार आत टाकतं, तेव्हा त्याची गाणी कुठवर पोहोचली असतील याचा अंदाज येतो.

त्यांच्या भजनांत शेवटी ‘तुकड्यादास’ हे नाव येतं. संतपरंपरेची रीत म्हणून आपण ते ऐकून सोडून देतो. मला त्यात एक अगदी व्यवहारी शहाणपण दिसतं. ज्याच्यामागे छापखाना नाही, कंपनी नाही, त्यानं नाव ठेवायचं कुठे? गाण्यातच. पाठीमागच्या पाटीवर लिहिलं तर पाटी हरवते. कडव्यात, यमकात गुंफलेलं नाव काढायला गेलं तर चालच मोडते. गडचिरोलीच्या एखाद्या मंडळानं ते भजन म्हटलं, तरी लिहिणाऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून निघणारच.

आंबेडकरी गायकांनी कडव्यातल्या नावाची हीच मुद्रा पुढे चालवली. वामनदादा कर्डक जन्मले सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत, 1922 साली. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मुंबईत कष्टाची कामं करताना, मोठेपणी अक्षरं गिरवली आणि पुढे हजारो गाणी लिहिली. 2004 मध्ये ते गेले. आज दुसरा कोणी त्यांचं गाणं म्हणतो तेव्हा शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो, आणि समोर बसलेली म्हातारी मान डोलावते. तिला कुठल्या अ‍ॅपवर शोधावं लागत नाही.

नागपूरच्या नागोराव पाटणकरांसारखे कव्वाल याच मातीतले. त्यांच्या जगाचा बाजार पाहायचा असेल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लक्ष्मीनगर चौकाकडून दीक्षाभूमीकडे पायी जा. दोन्ही बाजूंनी पुस्तकांची दुकानं, मूर्ती, तसबिरी, आणि दर दहा पावलांवर वेगळं गाणं वाजवणारा भोंगा. त्यातच गाण्यांच्या पातळ पुस्तिका असतात. हलका कागद, मध्ये दोन पिना, मुखपृष्ठावर कोट घातलेल्या गायकाचा फोटो आणि खाली ‘कार्यक्रमासाठी संपर्क’ म्हणून फोन नंबर. आधी पुस्तिका, मग कॅसेट, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. अनेकदा विकणारा गायकाचा भाऊ किंवा मेहुणा निघतो. लिहिणं, गाणं, छापणं, विकणं सगळं घरच्या घरी. ज्याला आज ‘स्वतंत्र कलाकाराचं मॉडेल’ म्हणून कार्यशाळांत शिकवतात, ते इथे सतरंजीवर मांडलेलं आहे. आपण तिकडे धार्मिक सोहळा किंवा राजकीय गर्दी म्हणून बघतो, संगीताचा बाजार म्हणून बघतच नाही. आमच्यासारखे संगीतावर लिहिणारेही त्यात आले.

मुद्रा गेली ती भावगीत आणि सिनेमामुळे. तिथे गरज उरली नव्हती, कारण नाव सांगायला दुसरं कोणीतरी होतं. नागपूर आकाशवाणी 1948 मध्ये सुरू झाली. गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावं सांगूनच गाणं लावायची आकाशवाणीची शिस्त. ती नावं ऐकत आमच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. आता फोनवर गायकाचं नाव ठळक आणि गीतकाराचं तीन वेळा बोट फिरवल्यावर, तेही कोणी भरलं असेल तर. म्हणजे कडव्यातलं नाव आपण काढून टाकलं आणि निवेदकही घरी पाठवला.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा बरा आहे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेण्याची सोय बंद केली. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. 1969 पासून आयपीआरएस ही संस्था अशी रॉयल्टी गोळा करून वाटते. पण त्यासाठी सभासद व्हावं लागतं, गाणी नोंदवावी लागतात. फोनवाल्या पोराला मी विचारलं, नोंदणी केलीस का? “काहून करू? आयकते कोण?” मला त्याचा राग आला. ऐकणारे नाहीत म्हणून सातबारा करायचा नाही, असं शेतकरी कधी म्हणतो का?

सुरेश भटांचं उदाहरण मला अशा वेळी आठवतं. स्वतःच्या गझला स्वतःच्या गळ्यानं, तरन्नुममध्ये म्हणणारा हा माणूस अमरावतीत जन्मला आणि नागपूरचा झाला. शब्दाच्या बाबतीत इतका हट्टी, की एक मात्रा इकडची तिकडे झालेली चालायची नाही. पण हेच भट ‘गझलेची बाराखडी’ छापून नवोदितांना फुकट वाटायचे. काफिया म्हणजे काय, रदीफ काय, अलामत कुठे सांभाळायची, सगळी हत्यारं उघडी करून पुढ्यात ठेवलेली. आपली ओळ कोणाला हलवू द्यायची नाही आणि विद्या मात्र ज्याला हवी त्याला द्यायची. आताचं उलटं आहे. गाणं लाइकसाठी फुकट सोडतात आणि रेकॉर्डिंग घरी कसं केलं ते विचारलं तर कोर्सची लिंक पाठवतात.

भटांच्या नावानं रेशीमबागेत सभागृह उभं राहिलं, 2017 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सुमारे दोन हजार खुर्च्या. चांगलंच झालं. पण गिटार घेऊन एकट्यानं गाणाऱ्याला दोन हजार खुर्च्या नको असतात, शंभर हव्या असतात, परवडतील अशा भाड्यात. तेवढी खोली आधी देवळात होती, बुद्धविहारात होती, गावच्या चावडीत होती. या शहरानं मॉल बांधले, फूड कोर्ट बांधले, ती खोली तेवढी बांधली नाही. महापालिकेला माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक झोनमधलं एखादं बंद पडलेलं समाजभवन आठवड्यातून एक संध्याकाळ या पोरांना द्या. माइकही नको, पंखा चालू असला म्हणजे झालं.

ताजी खबर अशी, की पोरानं कॅफेला नाही म्हणून कळवलं. काल त्यानं नवं गाणं पाठवलं. प्रेमाचंच आहे, मध्ये एक कडवं कच्चंही आहे, ते मी त्याला सांगितलं. शेवटच्या कडव्यात मात्र त्याचं स्वतःचं नाव आहे, वऱ्हाडी उच्चारासकट, आणि ते यमकात चपखल बसलंय. येत्या रविवारी मानेवाड्यातल्या एका मित्राच्या गच्चीवर तो सगळी स्वतःचीच गाणी म्हणणार आहे. चाळीस माणसांची जागा, तिकीट दीडशे रुपये, चटई घरून आणायची. मी दोन तिकिटं घेतली, पैसे देऊन.