पिकअपची तक्रार पारावर नको, कागदावर करा

परवा पहाटे कांदा भरून मार्केटला निघालो आणि वळणावरच पिकअपचं स्टेअरिंग जड झालं. महिन्यात तिसऱ्यांदा. मिस्त्री म्हणाला, "दादा, या मॉडेलला हे असंच असतंय. अजून चार गाड्या आल्यात माझ्याकडं." कंपनीचं नाव घेत नाही. पण त्या चौघांपैकी कुणी लेखी तक्रार केली? मीही केली नव्हती.

१ एप्रिल २०२१ पासून नियम आहे. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल आणि ठरलेल्या संख्येइतक्या मालकांनी सरकारकडे तक्रार केली, तर कंपनीला गाड्या परत बोलवायला लावता येतं. कंपन्या आपणहूनही बोलावतात. त्याच वर्षी जुलैत महिंद्राने २९,८७८ पिकअप फ्लुइड पाइप तपासायला बोलावल्या, दुरुस्ती फुकट.

आपल्यातले बरेच जण जुनी गाडी घेतात. आरसी नावावर करायची राहते, निरोप जातो पहिल्या मालकाला. दोष मात्र गाडीबरोबर आपल्या दारात येतो.

म्हणून आरसी नावावर करा. चेसिस नंबर सांगून शोरूमला विचारा, रिकॉल आहे का. सर्व्हिसिंगला गेलात तर जॉब कार्डवर दोष लिहूनच घ्या. पारावर बसून शिव्या घातल्या तर कंपनीचं काय बिघडतंय? नोंदवली नाही ती तक्रार मोजली जात नाही.

मी काल वाहन पोर्टलवर नोंदवली. तुमची कधी?