हिशेबाची भाषा कोणती?
जुन्नर-आंबेगावच्या सहकारी संस्थांपुढील संगणकीय पेच

नारायणगाव : जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे अर्थकारण हिशेबाच्या नोंदींवर उभे आहे. नारायणगावच्या उपबाजारातील टोमॅटोचे क्रेट, मंचरच्या बाजारातील शेतमाल, विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांकडे जाणारा ऊस, गावोगावच्या दूध संस्था आणि पतसंस्था या साऱ्यांची पट्टी अखेर संगणकातून निघते. मात्र हा संगणक कोणत्या भाषेत 'विचार' करतो, याची चौकशी संचालक मंडळाच्या बैठकीत क्वचितच होते. सॉफ्टवेअरच्या किमतीवर घासाघीस होते. ते कशात लिहिले आहे, हा प्रश्न तांत्रिक म्हणून बाजूला पडतो. प्रत्यक्षात तो सभासदाच्या पैशाचा प्रश्न आहे.

जुन्या व्यवस्थेचे ओझे

राज्यातील अनेक लहान संस्थांचे पहिले संगणकीकरण फॉक्सप्रो आणि व्हिज्युअल बेसिक यांच्या आधारे झाले. त्या काळी ही निवड योग्यच होती. स्वस्त संगणकावर चालणारी आणि एका माणसाला सांभाळता येणारी ही साधने होती. परंतु 'व्हिज्युअल बेसिक ६'चा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोचा २०१५ मध्ये थांबविला. अशी प्रणाली आजही चालू शकते. पण तिच्यातील त्रुटी मूळ कंपनी दुरुस्त करीत नाही आणि ती जाणणारा नवा माणूस मिळत नाही. जुन्या फॉन्टमध्ये साठविलेली मराठी नावे युनिकोडमध्ये आणणे हे आणखी एक किचकट काम असते.

पन्नास पैशांचा फरक

आज पर्याय प्रामुख्याने चार आहेत : जावा, मायक्रोसॉफ्टची सी-शार्प, पीएचपी आणि पायथन. वेगाच्या दृष्टीने लहान संस्थेला यांपैकी कोणतीही भाषा पुरेशी आहे. फरक पडतो तो पैशांच्या गणितात. समजा, एका उत्पादकाचे दूधबिल ४१२ रुपये ५० पैसे झाले आणि ते पूर्ण रुपयांत करायचे आहे. जावा आणि पीएचपी यांतील पूर्णांकनाची नेहमीची आज्ञा ४१३ हे उत्तर देते. पायथनची सध्याची आवृत्ती आणि सी-शार्प मात्र निराळे सांगितले नसेल, तर जवळच्या सम संख्येकडे वळून ४१२ देतात. दोन्ही रीती गणिताला मान्य आहेत. मात्र संस्थेच्या ठरावात एक रीत आणि संगणकात दुसरी असेल, तर लेखापरीक्षणात फरक निघणारच.

याहून सूक्ष्म अडचण दशांशाची आहे. संगणक साधे अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवितो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज अनेक भाषांत नेमकी ०.३ येत नाही. यावर सी-शार्पमध्ये 'डेसिमल' हा प्रकार भाषेतच अंगभूत आहे. जावाची 'बिगडेसिमल' आणि पायथनची 'डेसिमल' ही सोय त्या भाषांसोबतच येणाऱ्या लायब्ररींत मिळते. पीएचपीत त्यासाठी 'बीसीमॅथ'ची जोड घ्यावी लागते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये अशी अंगभूत सोय नाही, म्हणून रकमा पैशांच्या पूर्णांकांत ठेवणे श्रेयस्कर ठरते.

'काळे' आधी की 'कासार'?

दुसरी कसोटी मराठीची. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हे अक्षर 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत ते 'ह'नंतर येते. साहजिकच निव्वळ संकेतांकांनुसार लावलेल्या सभासद यादीत 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात, तर मराठी क्रमाने नंतर. 'आयसीयू' या लायब्ररीत मराठीचा क्रम उपलब्ध आहे. पीएचपीची 'इंटल' जोडणी आणि २०२० नंतरच्या डॉट-नेटच्या आवृत्त्या याच लायब्ररीचा आधार घेतात. जावा आणि पायथनसाठी ती वेगळी जोडावी लागते.

उसन्या विटांची इमारत

लायब्ररी म्हणजे इतरांनी घडविलेल्या तयार विटा. जावासाठी स्प्रिंग, पीएचपीसाठी लाराव्हेल, पायथनसाठी जँगो या चौकटींमुळे महिन्यांचे काम आठवड्यांवर येते. परंतु विटेतील दोष इमारतीत उतरतो. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या 'लॉगफोरजे' या लायब्ररीतील त्रुटीने जगभरातील संगणकप्रणाली धोक्यात आल्या. २०१६ मध्ये जावास्क्रिप्टची अवघ्या अकरा ओळींची 'लेफ्ट-पॅड' मागे घेतली गेली आणि असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. म्हणूनच सॉफ्टवेअर खरेदी करताना वार्षिक देखभालीचा करार ही चैन ठरत नाही.

दरम्यान, केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर करून समान राष्ट्रीय सॉफ्टवेअरचा मार्ग स्वीकारला. या योजनेबाहेरील दूध संस्था, नागरी पतसंस्था आणि व्यापारी यांना निवड स्वतःच करावी लागेल. मुंबईतील फ्रापे कंपनीचे 'ईआरपीनेक्स्ट' हे पायथनवर आधारलेले मुक्त सॉफ्टवेअर दाखवून देते, की परवान्याचे शुल्क न भरता मूळ आज्ञावली हाती असलेला पर्यायही उपलब्ध आहे. अर्थात, उभारणी आणि देखभालीचा खर्च त्यालाही चुकत नाही.

निवडीचे निकष

तात्पर्य, सर्वोत्तम भाषा असे काही नाही. आज्ञावली आणि माहितीसाठ्याची मालकी कोणाची, पूर्णांकनाचा नियम लेखी आहे काय, मराठी नोंदी युनिकोडमध्ये आहेत काय आणि बिघाड झाल्यास तासाभराच्या अंतरावर जाणकार मिळेल काय, हे चार प्रश्न भाषेच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहेत. अवसरी खुर्दचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २००९ पासून आंबेगावातच आहे. कुरण आणि बेल्हे परिसरातही अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. तेथील विद्यार्थ्यांना गावच्या संस्थेचा हिशेब हा प्रकल्प म्हणून मिळाला, तर शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात शोधावे लागणार नाही. दूधबिलावरील रुपया कोठे गेला, हे विचारणाऱ्या सभासदाला 'संगणकाने तसे केले' हे उत्तर पुरेसे नाही.